मेंदूतली सोयरीक

"ह्यो आजार लग्नापासनंचा हाय," असं माझ्या सासूबाईंनी मिलिटरी दवाखान्यातल्या डॉक्टरांना तोंडावर सांगितलं, आणि त्या भल्या माणसानं ते लिहून घ्यायला पेनही उचललं. मी पदर तोंडाशी धरून हसू दाबलं. ती हसायची वेळ नव्हती हे खरं. पण आमच्या घरात हसण्यासाठी वेगळी वेळ कुणी राखून ठेवत नसे. जमेल तेव्हा उरकून घ्यायचं.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती आणि माझं लग्न नुकतंच झालं होतं. माहेर पुण्याच्या पेठेतलं, शिक्षण मॅट्रिकपर्यंत. त्यामुळे देहूरोडजवळच्या त्या गावात औषधाच्या बाटलीवरचं वाचून दाखवणारी बाई म्हणून मला मान होता. स्वयंपाकाच्या बाबतीत मात्र सासूबाईंच्या लेखी मी बिनशिकलेलीच. यजमान पिंपरीला नव्या कारखान्याच्या बांधकामावर जायचे, काम असलं तर मजुरी, नसलं तर सायकल पुसत बसायचे. घर चालायचं ते मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या पगारावर.

मामंजी लष्कराच्या डेपोत पॅकर होते. सामान लाकडी खोक्यात भरायचं, भोवती पेंढा दाबायचा आणि वर फळ्या ठोकायच्या. ऐकायला सोपं वाटतं. पण कुठल्या वस्तूला किती पेंढा लागेल हे ते नुसतं बघून ओळखायचे. ओठांत खिळ्यांची रांग धरायची, एकेक काढायचा आणि दोन घावांत बसवायचा. वाकडा झालेला खिळा त्यांनी आयुष्यात फेकला नाही. दगडावर ठेवून सरळ करायचा, पुन्हा ओठांत.

सासूबाईंचा धंदा वेगळा. त्या सोयरिकी जमवायच्या. मोशीपासून थेरगावापर्यंत कुणाची मुलगी उपवर आहे, कुणाचा मुलगा नाकात बोलतो, सगळं त्यांना तोंडपाठ. बाहेर त्यांचं बोलणं लोण्यासारखं, घरात मात्र हुकूम. "आवं, बादली उचला. आवं, बैल सोडा. आवं, तिकडं नका बसू, हिकडं बसा." मामंजी प्रत्येक हुकमाला "व्हय" म्हणायचे आणि जागचे हलायचे नाहीत. काम करायचे, पण आपल्या सवडीनं, जणू त्यांनाच ते सुचलं आहे. सासूबाईंचं निम्मं आयुष्य याच रागात गेलं होतं.

एका सकाळी विहिरीवर मामंजींचं बोलणं अडखळलं आणि उजवा हात लोंबकळला. गाडीत घालून त्यांना कॅम्पातल्या मिलिटरी दवाखान्यात नेलं. अर्धांगाचा झटका होता. देवाची कृपा आणि डॉक्टरांचे कष्ट, काही आठवड्यांत ते चालायला लागले, जीभ मोकळी झाली, मुठीत पहिल्यासारखा जोर आला. गावभर पेढे नाही, पण गूळ वाटला.

गूळ संपायच्या आत खरी भानगड उघडकीला आली. सासूबाई म्हणाल्या, "आवं, तेवढा कंदील टांगा." मामंजींनी कंदील उचलला, वर धरला, उलटसुलट केला आणि गोंधळून उभे राहिले. शेवटी त्यांनी तो काखेत धरला. सासूबाईंनी आभाळाकडे बघून देवाला साक्षीला बोलावलं. पण दिवेलागणीला शेजाऱ्याशी गप्पा मारता मारता त्याच मामंजींनी तोच कंदील उचलून खुंटीला असा अडकवला की आतली ज्योतही हलली नाही.

"नाटकं!" सासूबाई म्हणाल्या. "पावणा आला की हात जोडत्यात. म्या म्हनलं हात जोडा, की हात मांडीवर. म्हंजी फकस्त माजंच ऐकायचं न्हाई, आसं ठरवलंया."

मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग एका दुपारी गोठ्यामागं गेले तर मामंजी एकटेच बसलेले. पुढ्यात फळी, हातात हातोडी. स्वतःच्या हाताला ते हळू आवाजात सांगत होते, "मार. आरं मार की." हात तसाच अधांतरी. मला बघून ओशाळले आणि म्हणाले, "पोरी, हिचं जाऊ दे, ह्यो हात माजं सुदिक ऐकंना." मी काहीतरी कारण काढून आत गेले आणि चुलीच्या धुरावर खापर फोडून रडून घेतलं.

त्यातच डेपोतून निरोप आला. पुढच्या आठवड्यात मेडिकल बोर्डापुढे हजर व्हायचं. माणूस कामाला लायक आहे असं बोर्डानं म्हटलं तर नोकरी, नाही तर घरी. बोर्ड काय करतं याची चौकशी केली तेव्हा कळलं, साहेब लोक सांगतात, आणि आपण करून दाखवायचं. म्हणजे नेमकं जे होत नव्हतं तेच.

गाव मदतीला धावलं. मावळातल्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी पलटणीत जाऊन आलेला, त्यामुळे शिकवणाऱ्यांना तोटा नव्हता. रोज सकाळी आमच्या ओसरीपुढे कवायत. "सलाम ठोका! हात वर! आसा न्हाई, आसा!" जेवढी माणसं जास्त, तेवढा मामंजींचा हात जास्त बावचळायचा. एकदा सलाम करता करता त्यांनी स्वतःचा कान धरला, आणि शिकवायला आलेला माणूस, मास्तरांची आठवण होऊन, आपलाही कान धरून उभा राहिला. शेवटी मीच सगळ्यांना चहा पाजून हाकललं.

मग आम्ही दोघी मामंजींना घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. तिथेच तो लग्नापासूनच्या आजाराचा जबाब झाला.

हे डॉक्टर तरुण होते, साताऱ्याकडचे. मेंदू या विषयाचं त्यांना वेड होतं आणि ते ऐकून घेणारं माणूस अख्ख्या छावणीत मिळत नव्हतं. आमच्या सासूबाई मिळाल्या.

"मावशी, गोधडी शिवता ना?" त्यांनी सुरुवात केली. "मेंदूचं वरचं आवरण तसंच समजा. एकावर एक थर, बहुतेक ठिकाणी सहा. गोधडी मोठी आणि कवटी लहान, म्हणून घड्या घालून आत बसवलेली. पण सगळीकडे थर सारखे नाहीत. कुठं मधला थर जाड, कुठं पातळ, कुठं जवळजवळ नाहीच."

"जुनी लुगडी घातली की आसंच व्हतं," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी मामंजींच्या कपाळावर बोट ठेवलं. "इथला भाग ठरवतो. काय करायचं, कधी करायचं." मग टाळूच्या मागे बोट नेलं. "आणि इथल्या भागात हाताचा नकाशा. हात कुठं आहे, वस्तू कुठं आहे, हातोडी कशी धरायची, कशी फिरवायची. दोन्हींच्या मध्ये दोरे आहेत. इकडचा निरोप तिकडे जातो, तिकडचा इकडे येतो."

"पर कुणाचा दोरा कुणाकडं जायाचा, ह्ये कोण ठरीवतं?"

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "हाच तर प्रश्न आहे! कपाळामागचा एक तुकडा टाळूमागच्या एका तुकड्याशी बांधलेला असतो, त्याच्या शेजारचा तुकडा भलत्याशीच. जवळच्यांत दोरे जास्त असतात हे खरं, पण तेवढ्यानं कोडं सुटत नाही. माझा आपला अंदाज असा, की ज्यांच्या थरांची ठेवण सारखी, त्यांचं येणंजाणं जास्त. मग ते लांब का असेनात."

सासूबाईंचा चेहरा उजळला. "म्हंजी सोयरीक! साखरंची वाटी घिऊन शेजारणीकडं जायाचं, पर लेक द्यायची ती घराणं बगून. मंग ती चाकणला का जाईना."

"अगदी तसंच नाही," डॉक्टर हसत म्हणाले, "पण चालेल."

चालेल म्हटल्यावर सासूबाई थांबतात होय? कपाळाकडचे वरपक्ष का टाळूकडचे, मानपान कुणी कुणाचा करायचा, आणि मेंदूच्या डाव्या अंगाची सोयरीक उजव्या अंगात चालते का, असं सगळं त्यांनी विचारून घेतलं. डॉक्टरांनी शेवटच्या प्रश्नाला "चालते" असं उत्तर दिल्यावर त्यांना जरा धक्का बसला, कारण ते त्यांच्या मते भाऊबंद होते.

"मंग आता ह्येंचं काय मोडलंया?"

"दोन्ही घरं शाबूत आहेत, मावशी. मधला रस्ता खचलाय. तुम्ही सांगता ते यांना कळतं. हाताला काम येतं. पण सांगितलेलं त्या रस्त्यानं हातापर्यंत पोचत नाही. वस्तू समोर आली, वेळ आली, आणि कुणी काही बोललं नाही, तर काम आडवाटेनं होऊन जातं."

"आणि रस्ता दुरुस्त होईल?" मी विचारलं.

"थोडाफार होईल. कधी, ते मला सांगता येणार नाही. बोर्ड मात्र पुढच्या आठवड्यात आहे. मी बोर्डावर असेन, पण मोठे साहेब माझ्या शब्दावर जाणार नाहीत. स्वतःच्या डोळ्यांनी बघतील तरच मानतील. दोघी बरोबर या, घरचं माणूस हवंच असतं."

परतताना बैलगाडीत सासूबाई गप्प. त्या गप्प आहेत म्हणून मामंजी घाबरून दोनदा मागे वळून बघते झाले. घर जवळ आलं तेव्हा त्या मला म्हणाल्या, "पोरी, सोयरिकीचा पैला नियम ठावं हाय का? मनातलं तोंडावर आणायचं न्हाई. पोरगी मागाया गेलं तर म्हनायचं, ताक प्याया आले हुते. बैलाचं बोलायचं, कांद्याचं बोलायचं. पोरीचं नाव त्येंच्या तोंडनं निघाया पायजे. आता म्या ह्येंच्या हाताकडं सोयरीक घिऊन जाती."

बोर्डाच्या आदल्या दिवशी त्यांनी ओसरीवर एक रिकामं खोकं ठेवलं. शेजारी भाताचा पेंढा, खिळे, हातोडी आणि टोपलीभर अंडी. स्वतः पाठ करून तांदूळ निवडायला बसल्या आणि मला मोठ्यानं म्हणाल्या, "सूनबाई, खालच्या आळीतला त्यो दुसरा पॅकर हाय न्हवं, त्येचं काम लई बेस म्हणत्यात. आंडी जरी भरली तरी फुटत न्हाईत म्हणं."

"त्येचं?" मामंजी तिकडून फिस्कारले. "त्येला पेंढा कशाशी खात्यात त्ये तरी ठावं हाय का?" आणि पुढचं बोलणं अस्पष्ट यायला लागलं, कारण ओठांत खिळे होते.

मी तिरक्या नजरेनं बघत होते. हात सरसर चालले होते. पेंढ्याचा थर, अंडी, पुन्हा पेंढा. सासूबाईंची मात्र दैना. मागून येणाऱ्या प्रत्येक आवाजाला त्यांच्या ओठांवर एक हुकूम यायचा आणि त्या तो गिळायच्या. शेवटी त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. एवढा वेळ त्या बाईला न बोलता बसलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं.

बोर्डाची खोली उंच छताची. टेबलामागे तीन साहेब. मधले मोठे साहेब मिशीवाले, हिंदी बोलणारे. एका बाजूला आमचे डॉक्टर. दुसऱ्या बाजूचे कागद चाळत होते. मामंजी इस्त्रीचा सदरा घालून उभे, आम्ही दोघी खोकं घेऊन कोपऱ्यात.

"सलाम करके दिखाओ," मोठे साहेब म्हणाले.

मामंजींचा हात उठला, कानाशी आला आणि नेमका कानच धरून बसला.

"हथौड़ी कैसे चलाते हो, दिखाओ."

हात जात्यावर दळल्यासारखा गोल गोल फिरला.

"अच्छा, घर से निकलते वक्त बीवी को हाथ कैसे हिलाते हो?"

हात पोटाशी येऊन थांबला. मामंजींच्या कपाळावर घाम. कोपऱ्यातून सासूबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, "साब, वो कब्बीच नहीं हिलाया. वो मत धरो."

मोठ्या साहेबांनी फाईल मिटली. डॉक्टर काही सांगायला लागले, तर त्यांनी हातानंच थांबवलं. मामंजी जमिनीकडे बघत होते. नोकरी गेली, हे त्यांना आमच्याआधी कळलं होतं. मला त्या मिशीचा असा संताप आला की विचारू नका.

तेवढ्यात सासूबाईंनी खोकं उचलून साहेबांच्या टेबलाजवळ आदळलं. "साब, ये अंडे का क्या करने का?"

साहेब लालबुंद झाले. लाच! भर बोर्डात! "क्या है ये? खोलो इसको!" ते मामंजींवर ओरडले. मामंजींचे हात जागच्या जागी लोंबले.

मग सासूबाईंनी कंबरेला खोचलेली हातोडी काढून खोक्यावर ठेवली, मामंजींकडे पाठ केली आणि साहेबांना, ताक प्यायला आल्यासारख्या गोड आवाजात, विचारलं, "साब, आपके लड़की का जम गया क्या?"

हा अंधारातला दगड होता. पण त्या वयाच्या, त्या पगाराच्या, तेवढ्या चिडक्या माणसाच्या घरात उपवर मुलगी असणारच, हा त्यांचा अभ्यास. साहेब गडबडले. "नहीं... अभी तो..." म्हणाले. सासूबाईंनी मुलीची उंची विचारली, शिक्षण विचारलं, स्वभाव आईवर गेलाय का बापावर ते विचारलं. बापावर, असं साहेबांनी खाली मान घालून सांगितलं.

आणि मागे खिळा निघाल्याचा आवाज आला. मग दुसरा. मामंजी उकिडवे बसले होते. फळी उचकटायची, खिळा उपसायचा, फरशीवर ठेवून दोन टोल्यांत सरळ करायचा, ओठांत धरायचा. साहेब बोलता बोलता थांबले. झाकण निघालं, पेंढा बाजूला झाला. आमचा गाडीरस्ता म्हणजे खड्ड्यांची माळ. पण एक अंडं तडकलं नव्हतं. साहेबांनी एक उचलून उजेडाकडे धरून बघितलं, मग मामंजींकडे बघितलं.

"ठीक है," ते जरा नरमाईनं म्हणाले, "लेकिन ये वापस जाएगा. बंद करो."

पुन्हा सगळं ठप्प. मामंजींच्या हातातली हातोडी हवेत राहिली.

"सर," डॉक्टर घाईनं म्हणाले, "आपण जरा खिडकीतून बाहेर बघू या का?"

लष्कराचे तीन अधिकारी उठले आणि आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभे राहिले. बाहेर एक कडुलिंब होता. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, पण ते बघत राहिले. मी भिंतीकडे तोंड केलं. सासूबाईंनी डोळेच मिटले. कुणी खोकलंसुद्धा नाही. आणि मग ठक्, ठक्. ठक्, ठक्. दोन घावांत एक खिळा.

शेवटचा खिळा बसल्यावर मोठे साहेब वळले आणि त्यांनी डोक्यावर टोपी चढवली. टोपी चढताक्षणी मामंजी ताडकन उठले आणि असा सलाम ठोकला की आमच्या गावच्या साऱ्या पलटणवाल्यांनी बघायला हवा होता. साहेबांनीही परत ठोकला. इलाजच नव्हता.

मामंजींना कामावर घेतलं. शेरा असा होता की या इसमास काम तोंडी सांगू नये, समोर ठेवावे. लष्करी डेपोत ज्याला कुणीही हुकूम द्यायचा नाही असा तो एकमेव माणूस असावा. बाकीच्या पॅकरांनी आपल्यालाही हा आजार कुठं मिळेल याची चौकशी केली म्हणतात. अंड्यांची त्या संध्याकाळी आमटी झाली.

कामावर जायच्या पहिल्या दिवशी सासूबाई दारात उभ्या होत्या. भाकरी बांधून दिली होती, तोंडातून चकार शब्द नाही. मामंजी सायकल हातात धरून निघाले, वळणावरच्या बाभळीपर्यंत गेले, थांबले, वळले आणि त्यांनी हात केला. नीट, वर धरून, हलवून. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. सासूबाई मट्कन उंबऱ्यावर बसल्या. "म्या सांगितलं न्हवतं," मला म्हणाल्या, "तू बगितलंस न्हवं? म्या कायबी सांगितलं न्हवतं." आणि त्या रडायला लागल्या. मीही बसले त्यांच्या शेजारी, या वेळी धुराचं नाव न घेता.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांना राहवलं नाही. बाभळीपाशी सायकल थांबताच त्या ओरडल्या, "आवं, हात करा की!" मामंजींचा हात हँडलवर थिजला. बिचारे थोडा वेळ उभे राहिले आणि मान खाली घालून गेले. सासूबाई दिवसभर जेवल्या नाहीत.

त्यानंतर त्यांनी आपली जागा बदलली. मामंजी निघाले की त्या दाराकडे पाठ करून चुलीशी बसायच्या. त्यांनी बघितलं तरी मामंजींना ते सांगितल्यासारखंच होईल, अशी भीती त्यांना बसली होती. उंबऱ्यात मी उभी राहायची. पुढे मामंजी निवृत्त होईपर्यंत हे असंच चाललं. सायकल बाभळीपाशी पोचायचा अंदाज घेऊन त्या आतून, फुंकणी हातात धरून, हळूच विचारायच्या, "केला का गं?"

"केला, आत्याबाई," मी सांगायची. मग त्या चूल फुंकायला लागायच्या.